शैलाक्कांच्या पार्लरमधली खाऊची मशीन

"नवरी बसलीय आत. आता येऊ नका."

पडद्यामागून आवाज आला आणि मी टूलबॅग खांद्यावर तशीच ठेवून पायरी उतरलो. धाराशिवहून उमरग्यापर्यंत मोटारसायकल हाणत आलो होतो. कंप्लेंट होती 'मशीन चालत नाही', आणि मशीन होती लेडीज ब्युटी पार्लरच्या आत. दारावर लाल अक्षरांत पाटी होती, 'पुरुषांनी बाहेर थांबावे.' मशीन दुरुस्त करायला आलेला असलो तरी मी पुरुषच. थांबलो बाहेर.

मी व्हेंडिंग मशीनचा सर्व्हिस इंजिनियर आहे. डिप्लोमा झालाय म्हणून कंपनी इंजिनियर म्हणते. गावोगावी लोक 'खाऊच्या मशीनवाला' म्हणतात आणि मला तेच जास्त बरोबर वाटतं. व्हेंडिंग मशीन म्हणजे काचेच्या दाराचं मोठं कपाट. आत खाने असतात, प्रत्येक खान्यात एक आडवी स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या वेढ्यांत बिस्किटाचे, शेंगदाण्याचे पुडे अडकवलेले असतात. तुम्ही नंबर दाबायचा, स्क्रीनवरचा क्यूआर मोबाइलनं स्कॅन करायचा. पैसे पोचले की स्प्रिंग एक वेढा फिरते आणि पुडा खालच्या कप्प्यात पडतो. सुट्ट्या पैशांची कटकट नाही, उधारी नाही. हॉस्पिटल, कॉलेज, कारखाना अशा ठिकाणी आम्ही ती ठेवतो. पार्लरमध्ये ठेवलेली माझ्या एरियातली ही पहिलीच.

तीसुद्धा आम्ही गळ्यात मारलेली नव्हती. पार्लरच्या मालकीण शैलाक्का, त्यांनी स्वतः ऑफिसला फोन करून मागितली होती. उमरगा कर्नाटकाला चिकटून, त्यामुळं तिथं ताईपेक्षा अक्का जास्त ऐकू येतं. मशीन मागण्याचं कारण होतं नंदा.

नंदा पार्लर उघडल्यापासून शैलाक्कांबरोबर आहे. थ्रेडिंग म्हणजे दोऱ्यानं भुवया कोरणं. त्यात तिचा हात धरणारं उमरग्यात कुणी नव्हतं, असं तिच्या गिऱ्हाइकांनीच मला सांगितलंय. पण ब्लीच, हेअर कलर, केस सरळ करायचं क्रीम, या सगळ्यात वर्षानुवर्षं हात घालून तिच्या बोटांना अ‍ॅलर्जी झाली. कातडी फाटायची, दोरा धरला की भेगा उघडायच्या. ग्लोव्हज घातले तर आत घाम येऊन आणखी खाज. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काम बदला, दुसरा इलाज नाही. शैलाक्कांनी तिला काउंटरवर बसवलं आणि तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. पण तालुक्याच्या गावातल्या पार्लरला काउंटरवर नुसतं बसणारं माणूस परवडत नाही. मशीन ठेवली तर विक्रीतला वाटा मिळेल, मशीन भरायचं काम नंदा करील, आणि तिचा पगार मशीनच काढील, असा त्यांचा विचार. नंदाला जा म्हणणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

आमच्या कंपनीचा नियम सरळ आहे. तीन महिने ट्रायल. विक्री झाली तर मशीन राहते, नाही तर टेम्पो येतो आणि उचलून नेतो.

मशीन बसवली त्या दिवशी नंदा मला म्हणाली होती, "दादा, घरी बसले तर सासरचे दोन म्हशी घेऊन देतो म्हणायलेत. शेण काढायची लाज न्हाय मला. पण दिवसभर बोलू कुणाशी? म्हशीशी?" ती हसत म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही.

आणि आता निम्मी ट्रायल सरली होती, विक्री जवळपास शून्य, आणि वर ही कंप्लेंट. मी पायरीवर उभा राहून पडद्याशी बोलायला सुरुवात केली.

"नंदाताई, बारा नंबर दाबा."

"दाबला."

"स्कॅन करून बघा. स्प्रिंग फिरली?"

"फिरली."

"पुडा पडला?"

"पडला की."

"मग बंद काय आहे?"

मग शैलाक्कांचा आवाज. "मशीन बंद न्हाय ओ दादा. गिऱ्हाईक बंद हाय. कुणी घेतच न्हाय. तसं सांगितलं असतं तर तुमी आला असताव का?"

नसतो आलो. विक्री हे माझं खातंच नाही. माझ्या कंपनीत स्प्रिंग अडकली तर मी, माल खपला नाही तर सेल्स डिपार्टमेंट, आणि सेल्स डिपार्टमेंट पुण्यात एसीत बसतं. राग आला मला. पण परत जायचं तरी उन्हातच जायचं होतं, तेव्हा म्हटलं जरा बसून बघू.

तोवर आम्ही करायचं ते सगळं करून पाहिलं होतं. कोणत्या खान्यात काय ठेवायचं याचा एक नकाशा असतो, त्याला आम्ही प्लॅनोग्राम म्हणतो. तो मी दोनदा बदलला होता. चिप्स काढून चिक्की ठेवली, चिक्की काढून राजगिऱ्याचे लाडू ठेवले. पार्लर आहे म्हणून एका ओळीत टिकल्यांची पाकिटं आणि केसांच्या पिना लावल्या. बायका म्हणाल्या, टिकली हातात घेऊन रंग बघितल्याशिवाय कोण घेतं? बरोबरच होतं. कुठल्याही दुकानदारानं मला हे फुकटात सांगितलं असतं.

पडद्याजवळच्या सोफ्यावर नवरीची आत्या बसली होती. वयस्कर बाई, सास्तूरहून वऱ्हाडाबरोबर आलेल्या. पडद्याच्या फटीतून त्यांचा पदर आणि पाय तेवढे दिसत होते. माझं आणि शैलाक्कांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतंच. मी त्यांनाच विचारलं, "आत्या, सकाळपासून बसलाव. भूक लागली न्हाय का?"

"लागलीय की."

"मग समोर मशीन आहे. घ्यायचा एखादा पुडा."

"चार बायकांत एकटीनं तोंड हलवायचं व्हय?" आत्या म्हणाल्या. "शोभतंय का ते?"

आमच्याकडं एसटीत कुणी शेंगा सोलायला काढल्या तरी आधी शेजारच्यापुढं हात करतो. शेजारचा नको म्हणतो, मग आपण खातो. हा रिवाज कुणी शिकवत नाही, तो अंगातच असतो. त्या सोफ्यावर एका वेळी पाच-सहा बायका बसलेल्या असतात आणि त्यातल्या निम्म्या एकमेकींच्या ओळखीच्या. एकीनं पुडा फोडला तर सगळ्यांपुढं करावा लागणार. पुड्यात बिस्किटं किती? म्हणजे घ्यायचे तर सगळ्यांना घ्यायला हवेत, आणि घरून पार्लरपुरतेच पैसे आणलेले असतात. त्यापेक्षा कुणीच खायचं नाही, हे सोपं. शिवाय खुर्चीवरच्या बायकांचा प्रश्नच नव्हता. चेहऱ्यावर पॅक म्हणजे लेप लावला की तो वाळेपर्यंत बोलायचं नाही, नाहीतर तडे जातात. थ्रेडिंगच्या वेळी कातडी ताणून धरायची असते. शैलाक्का दिवसभर एकच वाक्य म्हणत असतात, "तोंड हलवू नका." अशा जागी आम्ही तोंड हलवायची मशीन आणून ठेवली होती. कॉलेजात चालली म्हणून इथं चालेल, एवढाच आमचा अभ्यास.

हे कळून फायदा काही नव्हता. रिवाज काही स्क्रू-ड्रायव्हरनं बदलत नाही. मी जाऊन समोरच्या कट्ट्यावर बसलो.

कट्ट्यावर आधीच तिघं होते. नवरीचा भाऊ, एक जीपवाला, आणि मांडीवर लहान मुलगी घेतलेला एक माणूस. तिघांनाही आतून निरोप होता, 'पाच मिनिटांत येते.' पार्लरमधली पाच मिनिटं कशी असतात हे ज्याचं लग्न झालंय त्याला सांगायला नको. आणि गंमत अशी की यांना हलताही येत नाही. चहाची टपरी लांब, स्टँडवर. हा तिकडं गेला आणि नेमकी तेव्हा ती बाहेर आली, तर ते भांडण घरी पोचेपर्यंत संपत नाही. म्हणून बसून राहायचं आणि मोबाइल बघायचा.

मांडीवरची मुलगी रडायला लागली. तिच्या बापानं माझी टूलबॅग बघितली. "मशीनवाले, तेवढा बिस्किटाचा एक पुडा काढून देताव का? हिची आई आत चिखल लावून बसलीय."

मी म्हटलं, मलाही आत जाता येत नाही. मग तोच उठून पडद्याशी गेला. नंदानं बाहेर येऊन त्याच्याकडून रोख पैसे घेतले, आत जाऊन स्वतःच्या मोबाइलवरून स्कॅन केलं आणि पुडा आणून दिला. मुलगी गप्प झाली. तो माणूस पुडा हातात धरून आमच्याकडं बघायला लागला. मुलीसाठी घेतला होता, पण फोडला होता आमच्यासमोर. तो परत पडद्याशी गेला आणि आम्हा तिघांसाठी खारे शेंगदाणे घेऊन आला.

ते बघून नवरीचा भाऊ अस्वस्थ झाला. लग्न त्याच्या घरचं आणि खाऊ घालतोय परका माणूस, हे त्याला कसं चालावं? त्यानं सगळ्यांना पाणी आणि राजगिऱ्याचे लाडू मागवले. मग जीपवाला म्हणाला, मी काय फुकटचं खायला बसलोय का. तेवढ्यात आणखी दोघं बायकांना सोडून कट्ट्यावर टेकले, तर त्यांनाही आग्रह झाला. नंदा पडदा ते मशीन, मशीन ते पडदा अशी धावत होती आणि प्रत्येक वेळी पुढच्याचे रोख घेऊन आपल्या मोबाइलवरून स्कॅन करत होती. नवरी तयार होऊन बाहेर येईपर्यंत बिस्किटाची आणि शेंगदाण्याची अख्खी ओळ रिकामी झाली.

आत आणि बाहेर रिवाज एकच होता, एकट्यानं खायचं नाही. आतल्या बायकांनी त्यापायी मशीनकडं बघितलं नव्हतं आणि बाहेरच्या गड्यांनी त्यापायीच ती रिकामी केली. गड्यांकडं वेळ होता, हातात मोबाइल होता, खिशात पैसे होते, आणि 'घ्या हो, माझ्याकडून' म्हणण्यात मान होता.

नवरी गेल्यावर मी शैलाक्कांना म्हटलं, मशीन बाहेर काढू.

त्यांनी लगेच नाही म्हटलं. "दादा, माझ्या दाराशी गडी नकोत. गडी काचेला नाक लावून उभारले की बायका यायच्या बंद होतील. एखादीच्या सासऱ्यानं बघितलं तर पुन्हा तिला धाडणार न्हाय तो. मशीनपायी पार्लर घालवू का मी?"

म्हणणं खरं होतं. लेडीज पार्लर चालतं ते आडोशावर. मी दुकानाचा दर्शनी भाग नीट बघितला. पुढं शटर, शटरच्या आत काच. काचेच्या एका बाजूला दार आणि दुसऱ्या बाजूला नुसती उभी काच, तिच्यावरची फिल्म सोलून निघालेली. वाऱ्यानं पडदा हलला की आतलं दिसायचं. मी म्हटलं, ही काच काढू आणि तिथं मशीन घालू, तोंड रस्त्याकडं. मशीनची पाठ पत्र्याची आहे. आत्ता फटीतून जेवढं दिसतं तेवढंही दिसणार नाही. रात्री शटर ओढलं की मशीन आत.

नंदा म्हणाली, "अक्का, भरायला मी बाहेरून जाईन. आणि कोण दाराशी रेंगाळलं तर मी हाय की." शेवटी शैलाक्का तयार झाल्या, एका अटीवर. बसायचा बाक दारासमोर नको, शेजारच्या बंद गाळ्यासमोर टाकायचा.

मग राहिले आमचे रिजनल मॅनेजर, कुलथे सर. त्यांना फोन लावला.

"ती इनडोअर मशीन आहे," ते म्हणाले.

"इनडोअरच राहील सर. शटरच्या आत आहे."

"पण तोंड बाहेर."

"तोंड बाहेर, सर."

"ऊन लागेल, कूलिंगवर लोड येईल."

"दुकानाचं तोंड उत्तरेला आहे. ऊन येत नाही."

"मग मेलवर लिहून द्या. काही झालं तर जबाबदारी तुमची."

दिलं लिहून. मशीन फिरवली, चॉकलेटं काढली, शेंगदाणे, बिस्किटं, लाडू आणि पाणी वाढवलं. लग्नसराई होती. गाड्या भरून नवऱ्या येत होत्या आणि प्रत्येक नवरीमागं बाकावर चार-सहा गडी. मशीन चालायला लागली.

इतकी चालली की तिकडं पुण्यात संशय आला. आमच्या मशीनचा डेटा ऑफिसला दिसतो. काय विकलं, केव्हा विकलं, पेमेंट कुणाकडून आलं. कुलथे सरांना दिसलं की एकेका मोबाइलवरून सलग पाच-पाच, सहा-सहा पुडे निघतायत. कॉलेजात असं कधी होत नाही. तिथं पोरगा येतो, एक पुडा घेतो, जातो. मागं जाऊन बघितलं तर ही सुरुवात झालेली दिसली एकाच नंबरवरून, आणि तो नंबर निघाला मशीन भरणाऱ्या बाईचा, म्हणजे नंदाचा. त्यांनी सरळ अर्थ काढला. मशीन उचलली जाऊ नये म्हणून पार्लरवालेच माल विकत घेतायत, ट्रायल संपली की बंद करतील. ते स्वतः आले. मागून टेम्पोही आला.

मी समजावून सांगायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही मध्ये पडू नका. तुमचाही मेल आहे माझ्याकडं." मला आत कुठंतरी फार लागलं ते. नंदाला त्यांनी बाहेर बोलावलं आणि मोबाइलवरचा तक्ता दाखवून विचारलं, हा नंबर तुमचा ना?

नंदानं तक्ता बघितला. "माझाच हाय."

"मशीन भरणाऱ्यानंच माल का काढला?"

"गड्यांना आत येता येत न्हवतं, म्हणून मी काढून दिला. एकच दिवस." ती तेवढ्यावर थांबली नाही. "साहेब, खोटी विक्री दाखवायची असती तर कुणाच्याबी मोबाइलवरनं दाखवली असती. माझ्याच नंबरावरनं कशाला दाखवीन?"

सर टेम्पोवाल्याला थांब म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. नंदा हात पदरात घेऊन आत काउंटरवर निघून गेली. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. त्या दिवशी मशीन गेली असती तर नंदाही गेली असती, हे तिथं शैलाक्का, नंदा आणि मी, आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि सरांना सांगून उपयोग नव्हता. त्यांना ते दया मागितल्यासारखं वाटलं असतं.

बाकावर पाच जण होते. पुण्याहून निघाल्यापासून सरांनी काही खाल्लं नव्हतं. थोड्या वेळानं ते उठले, मशीनपाशी गेले, एक शेंगदाण्याचा पुडा काढला, जागेवर येऊन फोडला आणि खायला लागले. एकटेच.

पाचही जण नुसते बघत राहिले. वाईट नजरेनं नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी सगळ्यांच्या आधी सुरू केलं की बघतात, तसं. सरांनी दोन घास खाल्ले, तिसऱ्याला हात थांबला. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी धोतर सावरत शांतपणे विचारलं, "पाव्हणे, कुठले तुमी?"

"पुण्याचा."

"हां. मग बराबर हाय," म्हातारे म्हणाले. "खावा, खावा."

सर लाल झाले. उठले, पुन्हा मशीनपाशी गेले, आणि खिशातून मोबाइल काढला. मी मोजत नव्हतो, पण पुडा पडायचा आवाज लागोपाठ येत राहिला. दोन्ही हातांत पुडे घेऊन ते आले, प्रत्येकापुढं केले, मलाही एक दिला. मग एक आत नंदाकडं पाठवून दिला. म्हाताऱ्यांनी लगेच सगळ्यांना पाणी काढलं.

सरांनी खाऊन झाल्यावर मोबाइलवरचा तक्ता उघडला. सगळ्यात वर त्यांचाच नंबर होता, सलग. मग ते टेम्पोवाल्याला जा म्हणाले. जाताना त्यांनी नंदाला 'सॉरी' म्हटलं. पडद्याबाहेरूनच म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मशीन राहिली. नंदाचा पगार तिच्यातून निघतो. सणासुदीला थोडं वरही राहतं, उन्हाळा संपला की कमी होतं. सरांच्या रिपोर्टात या सगळ्याला काहीतरी इंग्रजी नाव पडलं आणि कंपनीनं लगेच धाराशिव शहरातल्या एका पार्लरला तशीच बाहेर तोंड करून मशीन बसवली. ती चालली नाही. तिथं बायका स्वतःच्या स्कूटीवर येतात, एकट्या येतात, बाहेर कुणीच बसत नाही. दोन महिन्यांत मीच ती उचलून आणली.

तेव्हापासून नवीन ठिकाणी मशीन लावायला सांगितली की मी आधी आत जात नाही. बाहेर कोण बसलंय, किती वेळ बसलंय आणि कुणाबरोबर बसलंय, ते बघतो. मग ऑफिसला कळवतो. ऑफिस ऐकतंच असं नाही.

मागच्या आठवड्यात उमरग्याच्या मशीनची कंप्लेंट सिस्टीममध्ये दिसली, 'स्प्रिंग जॅम'. मी निघायच्या तयारीत होतो तेवढ्यात नंदाचा फोन आला.

"दादा, सहा नंबरची स्प्रिंग अडकली व्हती. मी काढली. तुमी येऊ नका."

"हात?"

"बरे हायत. भेगा मिटल्या." मागं कुणीतरी तिला हाक मारत होतं. "ठेवते. गिऱ्हाईक खोळंबलंय."